हितेंद्रची डावी भुवई

गुढीपाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याची डावी भुवई जळाली. पूर्ण नाही, बाहेरची अर्धी. संध्याकाळी तो लालबागला घरी आला, नूपुरला कडेवर घेतलं, तेव्हा आमच्या साडेतीन वर्षांच्या लेकीने त्याच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "बाबा, इथली कुठे सांडली?"

"कामावर राहिली."

"मग उद्या आण."

माझ्या सासूबाई, रखमाबाई, आतून तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "हाडलंस तर त्या गंगाधराची अक्कल पण घेवन ये. थंयच खंयतरी पडली आसतली."

हितेंद्र हसला. मी हसले नाही. भुवई आणि डोळा यांच्यामध्ये किती जागा असते ते मी त्या वेळी मोजत होते. नूपुरचं बोट मावेल, एवढीच.

गंगाधरकाका आमचे सुपरवायझर. रे रोडला लाकडाच्या वखारींच्या मागे एक शेड आहे, तिथे आम्ही परदेशी जाणारे गणपती पॅक करतो. मी स्टोअर सांभाळते, हितेंद्र पॅकिंगला. गणपती इथे भाद्रपदात बसत असला तरी बोटीने जाणाऱ्याला चैत्रातच निघावं लागतं. मूर्तीच्या तोंडावर कापड बांधायचं, भोवती पेंढा भरायचा, लाकडी खोक्यात उभी करायची, आणि सगळ्यावरून पांढरं जाड प्लास्टिक चढवायचं. त्या प्लास्टिकवर ज्योतीची ऊब फिरवली की ते आक्रसतं आणि खोक्याला गच्च बसतं. समुद्राची दमट हवा आत शिरत नाही. इतकी वर्षं हे काम विजेवरच्या छोट्या गनने चालायचं, एका खोक्याला तास जायचा. यंदा आमच्या मालकाने, मयूरशेठने, गॅसची गन आणली. लांब नळीची, पुढे टोपीएवढं तोंड, मागे पाईप, पाईपच्या टोकाला सिलिंडर. घोडा दाबला की भस्सकन पेटते.

काकांनी तिचं नाव ठेवलं 'तोफ'. तोफ म्हणताना त्यांच्या मिशा अशा काही हलायच्या की वाटावं, किल्ला यांनीच सर केलाय.

काकांचा आगीचा अनुभव चाळीस वर्षांचा. हे ते स्वतः सांगतात, आणि न विचारता सांगतात. मी एकदा हिशोब लावला. त्यातले सहा महिने गॅरेजमध्ये वेल्डिंग करणाऱ्याच्या शेजारी उभं राहण्यात गेले, आणि बाकीची वर्षं मंडळाच्या महाप्रसादाच्या शेगडीसमोर खुर्ची टाकून आचाऱ्याला "आच कमी कर रे" म्हणण्यात. आचारी आच कमी करत नसे. पण तेवढ्यावर काकांनी आयुष्य काढलं.

गन विकणाऱ्या कंपनीने शिकवायला अनुजा नावाची मुलगी पाठवली होती. पंचवीस-सव्वीसची असेल, पायात जाड बूट, आवाज बारीक. तिला बघताच काका म्हणाले, "ही शिकवणार?" आणि वखारीच्या नाक्यावर चहाला गेले. हितेंद्रला सोबत घेऊन गेले. पॅकिंगवरचे बाकीचे चौघे अर्धवट ऐकत होते, अर्धवट मोबाईल बघत होते. मी मात्र नूपुरच्या चित्रकलेच्या वहीत, हत्तीच्या चित्रामागच्या पानावर, एकूण एक लिहून घेतलं. सिलिंडर उभाच ठेवायचा, कामापासून लांब, शक्य तर बाहेर. व्हॉल्व्ह हळू उघडायचा. रोज सुरू करण्याआधी प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बघायचं. बुडबुडा आला तर गॅस गळतोय. गन एका जागी धरायची नाही, इस्त्रीसारखी फिरवत राहायची. काम संपलं की आधी सिलिंडर बंद, मग पाईपमधला उरलेला गॅस जाळून टाकायचा, मग गन गार होऊ द्यायची. अंगात सुती कपडे. आणि जेटच्या, म्हणजे गॅस सोडणाऱ्या तोटीच्या, बारीक भोकात काही म्हणजे काही खुपसायचं नाही.

"का नाही?" मी विचारलं होतं.

"ताई, ते भोक मोजून पाडलेलं असतं," अनुजा म्हणाली. "केसाएवढं मोठं झालं तरी ज्योत हातभर लांब होते, आणि मागे पण वळते."

साबणाच्या पाण्याची एक बाटली आणि छोटा ब्रश तिने स्वतः खिळ्याला टांगून दिला. आठवड्यात ते पाणी चहाचे ग्लास विसळायला संपलं. ब्रशने कुणीतरी बुटाला पॉलिश केलं.

मयूरशेठही मागे राहिला नाही. मालक तिशीतला, शिकलेला, सुरक्षेवर त्याचा फार जीव. त्याने भिंतीवर इंग्रजी तक्ते लावले, जे आमच्यातल्या कुणी वाचले नाहीत, आणि सगळ्यांना टी-शर्ट वाटले. पाठीवर मोठ्या अक्षरात 'सेफ्टी फर्स्ट'. मी टी-शर्ट हातात घेऊन चुरगाळला. शुद्ध पॉलिस्टर. ठिणगी पडली असती तर सेफ्टी आधी पाठीला चिकटली असती, मग फर्स्ट. हितेंद्रचा मी घरी नेऊन लादी पुसायला घेतला. लादीसुद्धा नीट पुसली जात नाही त्याने.

मग पाडवा आला.

हत्याराची पूजा करावी, मला मान्य आहे. माझे वडील गिरणी बंद पडल्यावरसुद्धा दसऱ्याला आपला जुना पाना पाटावर ठेवायचे, आणि मला त्यात कधी हसू आलं नाही. पण पूजा करणारा माणूस हत्याराला ओळखत असावा लागतो. काकांना तोफ पाटावर सरळ बसायला हवी होती. पाईप आडवा येत होता, म्हणून त्यांनी पाईप सोडवला. मग गनच्या तोंडामागे हवा आत घ्यायची गोल भोकं असतात, ती त्यांना फार सुंदर दिसली. त्यांनी प्रत्येक भोकावर हळदीची चिमूट आणि कुंकवाची चिमूट वाहिली. अक्षता टाकल्या. गळ्यात साखरेची गाठी घातली, कडुलिंबाचा डहाळा खोचला, समोर नारळ फोडला आणि नारळाचं पाणी सगळीकडून शिंपडलं. हळद, कुंकू, पाणी. आत काय लगदा झाला असेल ते देवालाच ठाऊक, आणि देव तर शेजारच्याच खोक्यात तोंड बांधून उभा होता.

"काका, ती हवेची भोकं आहेत," मी म्हटलं.

"गो बाय, माका शिकयतंस? श्वास घेवची जागा तीच पूजूची आसता." आणि बाकीच्यांकडे वळून, "बायकांका हळदी-कुंकवाचा पण वावडा झाला आता."

सगळे हसले. हितेंद्रही. थोडासाच, पण हसला.

दुसऱ्या दिवशी तोफेने निळ्याऐवजी पिवळी, धुरकट ज्योत ओकली. पांढऱ्या प्लास्टिकवर काजळीचे पट्टे उमटले. मध्येच ठो करून आवाज यायचा आणि ज्योत विझायची. काकांनी निदान केलं, "कफ झालाय." तिसऱ्या दिवशी त्यांनी बनियनला लावलेली सेफ्टी पिन काढली आणि जेटच्या भोकात घालून, कान कोरतात तशी, मन लावून फिरवली. बराच वेळ. जीभ बाहेर काढून. मग गन हितेंद्रच्या हातात दिली आणि स्वतः चार पावलं मागे सरकले. ती चार पावलं मी स्टोअरच्या खिडकीतून पाहिली. चाळीस वर्षांच्या अनुभवाचं सार मला तिथे सापडलं.

ज्योत हातभर बाहेर आली, थोडी मागे वळली, आणि हितेंद्रची भुवई गेली.

मी अनुजाला फोन केला. ती म्हणाली, "पिन? ताई, खरंच पिन?" मग शांतपणे म्हणाली की गन वापरू नका, नवीन जेट आणि ब्रश घेऊन ती स्वतः शनिवारी दुपारी येईल. मी मयूरशेठला कळवलं. त्याने अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, 'काकांशी कोऑर्डिनेट करा प्लीज.'

काकांशी कोऑर्डिनेट केलं. ते म्हणाले, कंटेनर सोमवारी सकाळी निघणार, अठरा खोकी बाकी आहेत, एका पोरीच्या जेटसाठी गणपती थांबायचा नाही. शनिवारी सकाळी तोफ सुरू.

आणि तोफ चालवणार कोण, तर हितेंद्र. अठरा खोकी.

शनिवारी सकाळी मी नूपुरच्या वेण्या घालत होते, तो डबा भरत होता.

"तू आज ती गन हातात घेऊ नकोस," मी म्हटलं.

"अगं, काकांनी सांगितलंय."

"काकांनी सांगितलं म्हणून दुसरी भुवई देणार?"

"दर्शू, मला कामाला लावलं ते काकांनी. बाबा गेले तेव्हा दहा दिवस दारात उभे होते ते. त्यांना चारचौघांत नाही कसं म्हणू?"

ते खरं होतं. सासरे गेले तेव्हा गंगाधरकाका खरोखरच दहा दिवस दारात होते. चहाची किटली घेऊन. माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं. पण तो वाईट नाही, फक्त माहीत नसलेलं माहीत आहे असं समजणारा आहे, आणि अशा माणसाच्या हाताखाली आपला नवरा असला की बाईने काय करायचं ते कुठल्या तक्त्यावर लिहिलेलं नाही.

"त्यांनी किटली धरली ना," मी शेवटी म्हटलं, "मग किटलीसाठी किटली धर. डोळा कशाला देतोस?"

त्याने डब्याचं झाकण लावलं. नूपुर म्हणाली, "आई, ओढू नको, दुखतं." मी वेणी फारच आवळली होती.

त्या दिवशी नूपुर आमच्यासोबत आली. एरवी ती आजीकडे असते, पण चैत्रातल्या त्या शनिवारी सासूबाईंचा नंबर मिरची गल्लीत कांडपाच्या डंखावर लागला होता. वर्षाचा मालवणी मसाला कांडून घ्यायचा म्हणजे त्या तिथून हलत नाहीत. डंखवाला आपल्या मिरच्यांत शेजारणीच्या मिरच्या मिसळेल या भीतीने तोंडाला पदर लावून त्या चार तास पहारा देतात. साडेतीन वर्षांच्या मुलीला मिरचीच्या त्या खाटात नेणं शक्य नव्हतं. म्हणून तिला मी स्टोअरमध्ये आणलं. सोबत रंगपेटी, बिस्किटं आणि आदल्या जत्रेत घेतलेली साबणाच्या फुग्यांची बाटली. झाकणाला कडं असलेली, गुलाबी.

साडेनऊला आम्ही पोचलो तेव्हा काकांनी तयारी करून ठेवली होती. खाडीकडून वारा येतो आणि प्लास्टिक फडफडतं, म्हणून शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढलं होतं. सिलिंडर बाहेर ठेवला तर चोरीला जाईल, म्हणून तो आत, पेंढ्याच्या ढिगाशेजारी. पाडव्याला सोडवलेला आणि तिसऱ्या दिवशी परत सोडवलेला पाईप त्यांनी पुन्हा स्वतःच्या हाताने जोडला होता. व्हॉल्व्ह आधीच उघडून ठेवला होता, "पाईप भरू दे" म्हणून. आणि आता ते खिशात चाचपत होते.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"काडेपेटी. कापूर लावून आरती करतो आधी. परवा तोफ रुसली ती आरती राहिली म्हणूनच."

हितेंद्र हातमोजे चढवून उभा होता. बाकीचे चौघे 'सेफ्टी फर्स्ट' घालून आरतीला टाळ्या वाजवायच्या बेतात.

"काका, जोड तपासले का?"

"बघ गो, तुझं आपलं परत तेच. नाक आसा मगे माझ्या. वास आयलो आसतो तर समाजला नसता?"

काकांचं नाक जमिनीपासून साडेपाच फुटांवर आहे. हितेंद्रचं त्याहून वर. त्या शेडमध्ये तीन फुटांवर नाक असलेली एकच व्यक्ती होती, आणि ती स्टोअरच्या दाराशी उकिडवी बसून फुगे सोडत होती. एक फुगा पेंढ्याकडे गेला. ती त्याच्या मागे गेली, खाली वाकली, आणि तिने नाक चिमटीत धरलं.

"आई," ती म्हणाली, "आजी गॅस चालू ठेवून गेली."

अनुजाच्या शिकवणीतलं एक वाक्य मी मागचं पान भरल्यावर हत्तीच्या सोंडेत जागा करून लिहिलं होतं : हा गॅस हवेपेक्षा जड असतो, वर जात नाही, खाली पाण्यासारखा साचतो. ते वाक्य मला त्या क्षणी अक्षरासकट दिसलं.

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. हितेंद्र सांगतो की मी "काडी नको" असं म्हटलं आणि काकांच्या हातावर फटका मारला. तो मी मारला असणार, कारण काडेपेटी नंतर पेंढ्यात सापडली. नूपुरला उचलून मी त्याच्या हातात दिलं. "शटरखालून बाहेर जा. गन ठेव तिथेच. घोडा दाबू नकोस." आणि खाली वाकून व्हॉल्व्ह फिरवला. तिथे वास होता, भरपूर होता. वाकल्याशिवाय कळला नसता, एवढंच.

"होय रे, वास येतासा वाटता," काका कबूल झाले, जणू आमच्यावर उपकार करत होते. "पंखो लावा रे. जायत वास." आणि ते बटणाकडे निघाले.

"काका! बटणाला हात लावू नका!"

"आता पंख्याचं काय बिघडवलं मी?"

"बटणात ठिणगी पडते."

हे त्यांना खरं वाटलं नाही, पण माझा आवाज खरा वाटला असावा. हात मागे आला. दोघांनी शटर वर ढकललं. खाडीचा वारा आत घुसला आणि पेंढा उडायला लागला, आणि मी उभ्या आयुष्यात त्या घाणेरड्या वाऱ्याला प्रथमच मनापासून हात जोडले. सगळ्यांना बाहेर काढलं. अर्धा तास कुणी आत पाऊल टाकलं नाही. रस्त्यापलीकडच्या वखारीतले लोक बघत होते. आमचे चौघे मोबाईलमध्ये आपण कसे वाचलो ते सांगत होते, गणपतीने वाचवलं असं. गणपती आत पेंढ्यात तोंड बांधून होता. वाचवलं ते त्याच्याशेजारी फुगे सोडणाऱ्या मुलीने, पण त्या चौघांच्या मेसेजमध्ये तिचं नाव नव्हतं.

नूपुर माझ्या मांडीवर बसून रडत होती, कारण मी उचलताना तिची बाटली आत राहिली.

"माझे फुगे."

"आणू या राणी. जरा थांब. आधी त्यांचंच काम आहे."

अर्ध्या तासाने आम्ही सिलिंडर उचलून बाहेर मोकळ्यावर आणला. लोळवत नाही, दोघांनी धरून. मी नूपुरची गुलाबी बाटली घेतली.

"ह्या खेळण्याने?" काका म्हणाले. त्यांची मिशी पुन्हा जागेवर आली होती. "झिला, बघ तुझी बायको. तोफ फुग्यांनी तपासता."

मी व्हॉल्व्ह जेमतेम उघडला. गनपाशी पाईप जिथे जोडला होता तिथे कड्याने साबणाचं पाणी सोडलं. काहीच झालं नाही. काका हसायच्या तयारीत होते. मग नटाच्या कडेला एक बारीक डोळा उघडला. तो मोठा झाला. लिंबाएवढा, मग शेजारचे आवळ्याएवढे दोन फुगे पोटात घेऊन संत्र्याएवढा. उन्हात त्यात लाल-हिरवं फिरत होतं.

"फुगा!" नूपुरने टाळ्या पिटल्या. रडं विसरली. "आई, तू न फुंकता केलास!"

फुटला. लगेच दुसरा यायला लागला.

आमच्या चौघांपैकी एकाने मोबाईल खिशात घातला.

"नट सैल रवलो आसतलो," काका म्हणाले. "आवळतंय. दे पक्कड."

"काका, तुम्हीच लावलात ना नट?"

"मी कचकचून लावलंय. चाळीस वर्षां..." आणि त्यांनी पक्कड घेऊन नट, आपण सगळे सगळे नट फिरवतो तसा, उजवीकडे फिरवला. जोर लावून. मानेच्या शिरा ताणून.

फुगे दोन झाले. मग तीन.

गॅसच्या जोडाचे आटे उलटे असतात. मुद्दाम तसे करतात, दुसऱ्या कुठल्या वायूचा पाईप कुणी चुकून त्याला लावू नये म्हणून. नटाच्या कडांना ओळखायला खाचा पण पाडलेल्या असतात. हे मी नूपुरच्या वहीत लिहिलं होतं, अनुजाने ते दोनदा सांगितलं होतं, आणि त्या वेळी काका नाक्यावर चहा पीत होते. नट हाताने कसाबसा बसला की पक्कडीने कचकचून आवळताना ते प्रत्येक वेळी कचकचून सैल करत होते. इतक्या ताकदीने, इतक्या विश्वासाने एखादी गोष्ट उलटी करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मी व्हॉल्व्ह बंद केला. "काका, डावीकडे."

"काय डावीकडे?"

"आवळायला डावीकडे फिरवायचा."

"असा खंय आसता?" त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कुणीतरी आपल्या बाजूने हसेल म्हणून. नेहमी हसतात तसं. चौघे पायाकडे बघत होते. मग त्यांनी हितेंद्रकडे पाहिलं आणि आवाज एकदम मऊ केला. "हितू, जरासा गळता तर गळू दे रे. आता बाहेरच करू या. वारो आसा, उडून जाता. तू मागून धर, मी पुढे उभा रवतंय. अठरा खोकी आसत. कंटेनर जायत."

माझं बोलायचं सगळं सकाळी बोलून झालं होतं. नूपुर माझ्या कडेवर होती आणि बापाकडे बघत होती, त्याच्या कपाळाकडे.

हितेंद्रने एक हातमोजा काढला. मग दुसरा. दोन्ही एकावर एक ठेवून सिलिंडरशेजारी ठेवले. नवरा म्हणून मी त्याला सहा वर्षं ओळखते. एखादं काम सोडायचं असलं की तो आधी वस्तू नीट ठेवतो.

"काका, मी ही गन नाही चालवणार," तो म्हणाला. "जेट बदलल्याशिवाय नाही. आणि आत शटर पाडून तर कधीच नाही."

"तू? माका सांगतंस?"

"हो, तुम्हालाच सांगतोय. तुम्ही पण चालवू नका." आणि आवाज न चढवता तो म्हणाला, "परवा तुम्ही चार पावलं मागे गेला होतात. मी बघितलं होतं."

मला वाटत होतं ती चार पावलं एकट्या मीच पाहिली.

काकांनी पक्कड खिशात घातली. पक्कड खिशात मावत नाही, ती अर्धी बाहेर राहिली. ते नाक्यावर चहाला गेले. या वेळी सोबत कुणी गेलं नाही.

अनुजा दोन वाजता आली. जेट हातात घेऊन तिने उजेडात धरलं आणि म्हणाली, "हे कंपनीत शोकेसमध्ये ठेवते." गनची भोकं तिने हवेच्या फवाऱ्याने साफ केली. पिवळी-तांबडी पूड बाहेर आली, तिचा वास घेऊन ती चकित झाली. "हळद?" मी मान डोलावली. पुढचं विचारायची तिची हिंमत झाली नाही. नट डावीकडे फिरवून बसवला. नूपुरने जोडावर स्वतः कडं धरलं, बुडबुडा आला नाही, म्हणून ती नाराज झाली.

शटर पूर्ण वर, वाऱ्याला आडवी ताडपत्री, सिलिंडर बाहेर साखळीने बांधलेला, हितेंद्रच्या अंगात माझ्या भावाचा जुना सुती शर्ट. ज्योत निळी, आखूड, सरळ. तो गन इस्त्रीसारखी फिरवत होता आणि प्लास्टिक सावकाश, सुरकुती सुरकुती करून, खोक्याला बिलगत होतं. एका ठिकाणी तो जरा जास्त थांबला आणि चवलीएवढं भोक पडलं. त्यावर चिकटपट्टी लावली. शनिवारी आठ झाली, रविवारी दहा. सोमवारी कंटेनर गेला.

मंगळवारी मयूरशेठ आला, सोबत कुणी पाहुणे घेऊन. काकांनी त्यांना तोफ दाखवली. मी स्टोअरमधून ऐकत होते.

"बघा शेठ," काका सांगत होते, "मी पहिल्यापासून सांगत आलोय. साबणाचं पाणी. त्याशिवाय तोफेला हात लावायचा नाही. आणि हा नट, हा डावीकडे आवळतो. पुष्कळांना माहीत नसतं."

"वा काका," मयूरशेठ म्हणाला. "एक्स्पीरियन्स."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी खिळ्यावरची गुलाबी बाटली काढून हवेत एक फुगा सोडून दाखवला. त्या फुग्याकडे सगळे बघत राहिले.

संध्याकाळी मी हितेंद्रला म्हटलं, "आता तू का हसत नाहीस?"

"जोड तपासतायत ना रोज?" तो म्हणाला. "मग म्हणू देत त्यांचं."

नूपुरला दुसरी बाटली घेऊन दिली, या वेळी निळी. गुलाबी शेडमध्ये आहे. तिच्यात साबण संपत आला की हितेंद्र घरून थोडा शाम्पू नेतो, आणि सासूबाई विचारतात, टक्कल पडलेल्या गंगाधराक शाम्पू कित्याक. रोज सकाळी निघण्याआधी नूपुर बाबाला खाली बसायला लावते आणि कपाळावरून बोट फिरवते.

"आली का रे?"

"येतेय."

काल तिच्या बोटाला टोचली म्हणे.